टूटू : वस्त्र, चिन्ह आणि नजर

१

वेश आणि आशय यांच्या नात्याविषयी बोलताना मराठी समीक्षेने नेहमीच थोडी घाई केलेली आहे. भाषा हे आशयाचे वस्त्र होय, ही जुनी उपमा आपण केव्हाच टाकून दिली. घाट आणि आशय एकजीव असतात हे सूत्र आता पदव्युत्तर वर्गातही कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण उपमा टाकून देताना आपण उपमानाकडेही पाठ फिरवली. वस्त्र म्हणजे बाहेरून चढवलेले, काढून ठेवता येणारे, अतएव गौण, हे गृहीत मात्र जसेच्या तसे राहिले. भरताने सांगितलेल्या अभिनयाच्या चार प्रकारांत आहार्याला स्थान आहे; तरीही आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या वाट्याला जेवढे तत्त्वचिंतन आले, तेवढे आहार्याच्या वाट्याला आले नाही. आहार्याविषयी आपण बहुधा याद्या करतो.

प्रस्तुत लेखात एका वस्त्राचा विचार करावयाचा आहे. बॅलेची नर्तकी घालते तो टूटू, म्हणजे अंगाला घट्ट बसणारी काचोळी आणि तिला जोडलेला, जाळीदार कापडाचे थर एकाखाली एक शिवून केलेला घेरदार झगा. नृत्याच्या इतिहासग्रंथांतून त्याची जी कथा रूढ झाली आहे ती थोडक्यात अशी : १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताग्लिओनीने पोटरीपर्यंत पोचणारा पांढरा, घंटेच्या आकाराचा झगा घातला आणि रोमँटिक टूटू जन्माला आला, शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गमध्ये इटालियन नर्तकींचे पदकौशल्य दिसावे म्हणून तो गुडघ्याकडे सरकला आणि क्लासिकल टूटू झाला, विसाव्या शतकात तो कमरेभोवती थाळीसारखा आडवा पसरला, आणि अखेर काही नृत्यरचनाकारांनी तो काढूनच टाकला. झाकण्याकडून दाखवण्याकडे, भासाकडून तंत्राकडे अशी ही एकरेषीय वाटचाल आहे.

कथा सोयीची आहे आणि तिच्यातील सनावळीही ढोबळमानाने बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे. या कथेतील टप्प्यांची नावे त्या त्या टप्प्यावरील माणसांनी दिलेली नाहीत. ती मागाहून, पुढच्या पिढ्यांनी आपल्या नजरेच्या सोयीने दिली. आणि या नामकरणाच्या ओघात दोन गोष्टी गळून पडल्या : कापड, आणि ते अंगावर वागवणारी बाई. हे गळून पडणे आपोआप झालेले नाही. त्यात समीक्षेचा हात आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

२

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' रंगमंचावर आले. नृत्यरचना फिलिप्पो ताग्लिओनी याची, म्हणजे मारीच्या वडिलांची. कथासूत्र आदोल्फ नूरी या गायकाचे. मारीच्या पोशाखाचे श्रेय परंपरेने यूजेन लामी या चित्रकाराला दिले जाते. उघडे खांदे, आवळलेली कंबर, फुगीर झगा, डोक्यावर फुले आणि पाठीवर चिमुकले पंख. यांपैकी पंख वगळले तर उरलेली बाह्यरेषा त्या काळातील पॅरिसच्या कोणत्याही फॅशनेबल स्त्रीच्या संध्याकाळच्या पोशाखाशी मिळतीजुळती आहे. पायाच्या हालचाली दिसाव्यात म्हणून झगा आखूड करणे हेही नवे नव्हते. मारी कामार्गोने हे शंभर वर्षांपूर्वी केले होते. आणि मारी साले १७३४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर फुगीर सांगाडा टाकून साध्या मलमलीच्या वस्त्रात नाचली होती. मग १८३२ मध्ये नवे काय घडले?

घडले ते तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. एक, प्रकाश. ऑपेरात १८२२ मध्ये वायूचे दिवे आले. हे दिवे कमीजास्त करता येत, त्यामुळे रंगमंचावर निळसर, चांदण्यासारखा अंधुकपणा आणता येऊ लागला. 'ला सिल्फीद'च्या चारच महिने आधी, नोव्हेंबर १८३१ मध्ये, मायरबेअरच्या 'रोबेर ल द्याब्ल' या ऑपेरात थडग्यांतून उठणाऱ्या जोगिणींचे नृत्य याच उजेडात झाले होते आणि तेथेही मारी ताग्लिओनीच प्रमुख होती. दोन, कापड. जॉन हीथकोट याने १८०८-०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतल्यानंतर पूर्वी हाताने विणली जाणारी जाळी हळूहळू वाराने मिळू लागली. तिच्या जोडीला टार्लटन हे खळ दिलेले विरळ विणीचे सुती कापड होते. (तलम सुती कापडाला इंग्रजीत 'मल' म्हणतात तो आपल्याच 'मलमल'चा अवशेष. बंगालच्या विणकराचे बोट सुटले तरी शब्द सुटला नाही.) तीन, चवड्याच्या टोकावर तोलून उभे राहण्याचे तंत्र. ते ताग्लिओनीच्या आधीही होते, पण कसरत म्हणून. तिने त्याला अर्थ दिला. हे तीन घटक जुळले तेव्हा त्या झग्याने पूर्वी कोणत्याही झग्याने न केलेली गोष्ट केली : आपल्या आत असलेल्या शरीराचे वजन त्याने नाकारले. वस्त्राचे काम झाकणे किंवा सजवणे एवढेच नसते. ते नाकारूही शकते.

येथे एक पद्धतिशास्त्रीय अडचण नोंदवली पाहिजे. ताग्लिओनीचा तो झगा आपण पाहतो तो शिळाछापाच्या चित्रांत. या चित्रांत तिचे पाऊल फुलाच्या पाकळीला टेकते न टेकते, आणि झगा तर धुक्याचाच असतो. रोलाँ बार्थने १९६७ मधील आपल्या फॅशनविषयक ग्रंथात चित्रित वस्त्र, लिखित वस्त्र आणि प्रत्यक्ष वस्त्र असा भेद केला आहे, आणि स्वतः विश्लेषणासाठी लिखित वस्त्र निवडले आहे. टूटूच्या अभ्यासकांनी असा भेद स्पष्टपणे न करताच चित्रित आणि लिखित वस्त्रावरून प्रत्यक्ष वस्त्राविषयी निष्कर्ष काढले. १८४५ मध्ये लंडनला ताग्लिओनी, ग्रीझी, चेरितो आणि ग्रान या चौघी 'पा द कात्र'मध्ये एकत्र नाचल्या. तो प्रसंगही आज आपल्या मनात आहे तो शालोनच्या शिळाछापाच्या रूपात. धुक्याला शिवण नसते, घाम नसतो, वजन नसते. शिळाछापातील टूटूलाही नाही.

त्या काळच्या समीक्षकाला हे अगदीच कळत नव्हते असे नाही. तेओफील गोतिए याने पुढे तक्रार केली आहे की 'ला सिल्फीद'नंतर रंगमंचावर पांढऱ्या जाळीचा आणि टार्लटनचा सुकाळ झाला. पण ज्या 'जिझेल'चे (१८४१) कथासूत्र त्याने सां-जॉर्जच्या साहाय्याने रचले, त्याच्या दुसऱ्या अंकात तोच पांढरा सुकाळ आहे. ताग्लिओनी ही ख्रिस्ती नर्तकी आणि फानी एल्सलर ही मूर्तिपूजक नर्तकी, हे त्याचे प्रसिद्ध द्वंद्व. त्यातली शुभ्र वस्त्रातली देहातीत स्त्री आणि रंगीत वस्त्रातली सदेह स्त्री ही विभागणी आपल्याकडच्या वाचकाला अपरिचित वाटू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी नोंदवत नाही. 'ला सिल्फीद'च्या कथेत त्या वायुकन्येचा मृत्यू होतो तो वस्त्रामुळेच. जेम्स हा स्कॉटिश तरुण तिला धरून ठेवण्यासाठी चेटकिणीने दिलेला तलम शेला तिच्या खांद्यांभोवती गुंडाळतो. शेल्यातल्या विषाने तिचे पंख गळून पडतात आणि ती मरते. ज्या नृत्यनाट्याने पांढऱ्या तलम वस्त्राची प्रतिमा युरोपभर रुजवली, त्याच्या कथानकातच तलम वस्त्र हे मृत्यूचे साधन आहे. संहितेला जे ठाऊक होते ते तिच्या भाष्यकारांना दिसले नाही.

३

वायूचे दिवे म्हणजे उघड्या ज्योती. टार्लटन म्हणजे हवा खेळती ठेवणारे, विरळ विणीचे सुती कापड. याहून ज्वालाग्राही संयोग कल्पिणे कठीण. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी प्रयोग चालू असताना दिव्याच्या ज्योतीने पेटली आणि तीन दिवसांनी वारली. सप्टेंबर १८६१ मध्ये फिलाडेल्फियात एकीच्या झग्याला लागलेली आग विझवायला धावलेल्या दुसऱ्या पेटल्या. गेल भगिनींसह किमान सहा नर्तकी मेल्या.

एम्मा लिव्री हिची हकीकत सर्वांत जास्त सांगितली गेली आहे. तिचा जन्म १८४२ चा. ताग्लिओनीची ती लाडकी शिष्या. ताग्लिओनीने तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' हे नृत्यनाट्य रचले (नोव्हेंबर १८६०, संगीत ऑफेनबाखचे). त्यातील नायिका फुलपाखरू होते आणि मशालीच्या ज्योतीने तिचे पंख होरपळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी ओबेरच्या 'ला म्युएत द पोर्तिसी' या ऑपेराच्या तालमीत, बसताना चुरगळू नये म्हणून तिने झगा सावरून उचलला, आणि त्याच्या वाऱ्याने उफाळलेल्या ज्योतीने तो धरला. आठ महिने तिने सोसले. २६ जुलै १८६३ रोजी ती गेली, तेव्हा ती वीस वर्षांची होती.

आता यातील निर्णायक तपशील. कापड पेट घेऊ नये म्हणून ते रसायनाच्या द्रावणात बुडवण्याची कार्तरों नामक गृहस्थाची कृती तेव्हा उपलब्ध होती, आणि १८५९ मधील एका राजाज्ञेनुसार नाट्यगृहांना ती बंधनकारकही होती. पण त्या द्रावणाने कापड ताठ आणि मळकट होई. लिव्रीने १८६० मध्ये ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवले की पहिल्या प्रयोगांना आपण आपला नेहमीचाच झगा घालू आणि काही झाले तर जबाबदारी आपली. भाजल्यानंतर अंथरुणावर असतानाही, ते प्रक्रिया केलेले झगे कमी धोक्याचे खरे, पण फार कुरूप, असे ती म्हणाल्याचे सांगतात.

हा निर्णय तिचा होता, हे मान्य केले पाहिजे. तिला निव्वळ बळी ठरवणे म्हणजे तिच्या कलाविषयक विवेकाचा अपमान होईल. लिव्रीला कळत होते की मळकट आणि ताठ झगा हा वेगळा झगा आहे. शुभ्रता आणि तरलता हे त्या चिन्हाचे अनिवार्य घटक आहेत, ते काढले तर चिन्हच उरत नाही. तिचा सौंदर्यविचार निर्दोष होता. पण तो निर्दोष का भासला, हा पुढचा प्रश्न आहे. शुभ्र आणि वजनहीन नसलेली नर्तकी पाहण्याची प्रेक्षकाची तयारी नव्हती, आणि त्या अपेक्षेला गोतिएसारख्यांनी तीस वर्षे भाषा पुरवली होती. लिव्रीच्या अंत्ययात्रेविषयी लिहिताना खुद्द गोतिएने शवपेटीवर दोन पांढरी फुलपाखरे घिरट्या घालीत होती, असे नोंदवले आहे. ती फुलपाखरे खरोखरच असतीलही. पण 'फुलपाखरू' नाचलेल्या मुलीच्या भाजून मरण्याला समीक्षक फुलपाखरांनी सजवतो, तेव्हा त्याने जळालेल्या देहाचे पुन्हा एकदा रूपक केलेले असते. आपण लेखक मंडळीही ही हकीकत सांगताना मशालीने होरपळलेल्या पंखांचा योगायोग वगळू शकत नाही. मीही वर वगळलेला नाही.

लिव्रीच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. टूटूच्या इतिहासातील प्रत्यक्ष वस्त्र म्हणतात ते हे.

या पार्श्वभूमीवर मालार्मेचे बॅलेविषयक विवेचन (१८८६) पुन्हा वाचावे. नर्तकी ही नाचणारी स्त्री नव्हेच. ती रूपक आहे, लेखनिकाशिवाय लिहिली गेलेली कविता आहे, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे आधुनिक काव्यविचारात फार मोलाचे मानले जाते, आणि त्याचे मोल मीही नाकारत नाही. चिन्हाची स्वायत्तता इतक्या लवकर, इतक्या नेमकेपणाने फारशी कोणी मांडली नव्हती. पण या विधानाला एक भौतिक इतिहास आहे. नर्तकी स्त्री 'नाही' असे म्हणता येण्यासाठी आधी एका विशिष्ट कापडाने, एका विशिष्ट उजेडात तिचे शरीर नाहीसे करावे लागले होते. सिद्धांत कापडावर उभा होता.

४

'टूटू' हा शब्द ताग्लिओनीच्या नृत्यकाळात नव्हता. फ्रेंचमध्ये तो नोंदला गेलेला दिसतो १८८१ च्या सुमारास, आणि तोही बोलीभाषेतला उनाड शब्द म्हणून. लहान मुलांच्या भाषेत पार्श्वभागाला जे म्हणतात त्यावरून तो आला, हीच व्युत्पत्ती सामान्यतः स्वीकारली जाते. 'ट्यूल' या कापडावरून तो आला असे सांगणे ही बहुधा मागाहून केलेली सारवासारव असावी. आरंभी तो नर्तकीच्या झग्याखालच्या अंतर्वस्त्राला उद्देशून वापरला जाई. म्हणजे ज्याला आपण आदराने 'रोमँटिक टूटू' म्हणतो त्या देहातीत, धुकट वस्त्राचे नाव पुढच्या पिढीतील पुरुषप्रेक्षकांच्या चहाटळ नजरेतून आलेले आहे. मालार्मेची स्त्री-नसलेली नर्तकी आणि हा शब्द एकाच दशकातील, एकाच शहरातील आहेत. एकाने पाहिले त्यात शरीर नव्हते. दुसऱ्याने पाहिले त्यात दुसरे काहीच नव्हते.

या दुसऱ्या नजरेला संस्थात्मक आधार होता. १८३१ मध्ये ऑपेराची सूत्रे हाती घेतल्यावर लुई व्हेरों याने नर्तकींची अंग मोकळे करण्याची खोली वर्गणीदार पुरुषांना खुली केली. पुढे १८७५ च्या नव्या इमारतीत त्यासाठी सोनेरी दालनच बांधले गेले. देगाच्या चित्रांत विंगेत उभे असलेले काळ्या टोपीतले पुरुष दिसतात ते हेच. देगाने १८८१ मध्ये, योगायोगाने त्याच साली, चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला. त्याला खरी काचोळी, खरे बूट आणि कापडाचा खरा झगा घातलेला होता, आणि तो काचेच्या पेटीत ठेवला होता. प्रेक्षक बिथरले. मुलीचा चेहरा रानटी आहे, ती माकडासारखी दिसते, असे लिहिले गेले. मला वाटते चेहरा हे निमित्त होते. मेणाच्या अंगावर खरे कापड पाहिल्यावर त्या कापडाचे रूपक करणे अशक्य झाले, आणि हा नकार लोकांना सहन झाला नाही.

सेंट पीटर्सबर्गमधील टप्पा त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. व्हर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी १८८५ मध्ये तेथे नाचली आणि तिने शाही नाट्यगृहाच्या नियमापेक्षा आखूड झग्याचा हट्ट धरला, अशी आख्यायिका आहे. तिच्यामागून आलेल्या ब्रियांझाने १८९० मध्ये पेतिपाच्या 'स्लीपिंग ब्यूटी'ची नायिका रंगवली. लेन्यानीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेऊन दाखवल्या. पण या नर्तकींची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांत झगा गुडघ्यापर्यंत येतो, खाली झुकलेला आहे. ज्याला आज आपण 'क्लासिकल टूटू' म्हणून ओळखतो, म्हणजे नितंबांपासून आडवी निघणारी, आत तारेचे कडे घातलेली ताठ थाळी, ती क्लासिकल म्हटल्या जाणाऱ्या पेतिपाच्या काळात नव्हती. ती विसाव्या शतकाच्या मध्याकडची आहे. येथेही नाव मागे नेऊन चिकटवलेले आहे. आपल्याकडे भरतनाट्यमचा शिवलेला, निऱ्यांचा पंखा पुढे उलगडणारा पोशाख शतकानुशतकांचा समजला जातो, वास्तविक तो १९३० च्या दशकातील पुनरुज्जीवनानंतर रूढ झाला. 'शास्त्रीय' हे विशेषण ज्या वस्तूला लागते ती बहुधा ते विशेषण लावणाऱ्यांच्या वयाचीच असते. (या पुनरुज्जीवनाशी संबंधित रुक्मिणीदेवींना आपल्या परंपरेकडे वळण्याचा सल्ला दिला तो आना पाव्हलोव्हाने, म्हणजे टूटूत हंसाचे मरण नाचून जगभर हिंडलेल्या नर्तकीने. तिचे प्रयोग मुंबईतही झाले होते.)

या थाळीच्या आकाराचे सौंदर्य मात्र मान्य केले पाहिजे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचा एरवी साहित्याला लावताना जो ओढाताणीचा अनुभव येतो तो येथे मुळीच येत नाही. नर्तकीच्या शरीराचा उभा अक्ष आणि टूटूचे आडवे वर्तुळ यांच्यात विरोधलय आहे. पसरलेले हात आणि झग्याची कड यांच्यात संवादलय आहे. एका पायावर तोललेली गिरकी म्हणजे तर समतोललयीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. वर्तुळाने शरीराचे दोन भाग केले : वरचा भाग मुखाचा आणि हातांचा, भाव दाखवणारा; खालचा पायांचा, तंत्र दाखवणारा. पण हे विश्लेषण करून झाल्यावर लयतत्त्व थांबते. ही विभागणी कोणासाठी, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. खालून, खुर्च्यांच्या पहिल्या रांगांतून पाहणाऱ्याला या वर्तुळाची खालची बाजू दिसते आणि वरच्या सज्जातून पाहणाऱ्याला फक्त वरची. घाट एकच, पण तो तिकिटाच्या दरानुसार वेगळा आहे.

५

मिखाइल फोकीनने 'ले सिल्फीद'मध्ये (पॅरिस, १९०९) लांब झगा परत आणला. बन्वाने तो रेखाटला ताग्लिओनीच्या शिळाछापांवरून. चित्रित वस्त्रावरून प्रत्यक्ष वस्त्र शिवले गेले, आणि आज जगभर 'रोमँटिक टूटू' म्हणून जे शिवले जाते त्यात या पुनर्निर्मितीचा वाटा मूळ वस्त्राइतकाच आहे. अवतरणाने मूळ संहितेची जागा घेण्याचे इतके ठसठशीत उदाहरण साहित्यातही क्वचित सापडेल.

न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलन्शीनच्या हाती टूटूचे दोन परस्परविरुद्ध भवितव्य ठरले. 'सिंफनी इन सी'च्या अखेरच्या भागात रंगमंचावर पन्नासच्या आसपास नर्तक येतात; तारेच्या कड्याचे ताठ टूटू एकमेकांना धडकत आणि एका बाजूला दबले की दुसऱ्या बाजूला उचलले जात. बार्बरा कारिन्स्का या मूळच्या खारकोव्हच्या शिवणकर्तीने १९५० मध्ये कडे काढून टाकले, जाळीचे मोजकेच आखूड थर सैल टाक्यांनी जोडले आणि पावडरच्या फुलासारखा मऊ टूटू तयार केला. काचोळीच्या बाजूचे तुकडे तिने उरेब कापले, म्हणजे श्वास घेताना कापड ताणले जाऊन शरीराबरोबर हलू शकेल. टूटूच्या साऱ्या इतिहासात घालणारीच्या बरगड्यांचा असा विचार शिवणाऱ्या एका बाईने केला, ही गोष्ट कलासमीक्षेच्या ग्रंथांत तळटीपेइतकीही आढळत नाही. समीक्षेला उरेब पट्टी ठाऊक नसते.

त्याच सुमारास बॅलन्शीनने दुसऱ्या दिशेने पाऊल टाकले. 'कॉन्चेर्तो बारोको' आणि 'द फोर टेंपरामेंट्स' यांचे मूळचे भरजरी पोशाख १९५१ मध्ये काढून टाकले गेले आणि नर्तक तालमीच्या साध्या, अंगालगत कपड्यांत नाचू लागले. १९५७ च्या 'अ‍ॅगॉन'ला मुळातच दुसरा पोशाख नव्हता. याला शुद्धीकरण म्हणण्याची पद्धत आहे : अनावश्यक वस्त्र गेले, नृत्य उरले. हे मला पटत नाही. संरचनावाद्यांनी शिकवलेली शून्य-चिन्हाची संकल्पना येथे उपयोगी पडते. मुक्तछंद वाचताना ज्याप्रमाणे वृत्ताची अनुपस्थिती ऐकू येते, त्याप्रमाणे 'अ‍ॅगॉन'मध्ये टूटूची अनुपस्थिती दिसते. ज्या प्रेक्षकाने टूटू कधी पाहिला नाही त्याला ते नुसते पोहण्याचे कपडे वाटतील. शिवाय बॅलन्शीनच्या नर्तकीविषयी अ‍ॅन डेली यांनी १९८७ मध्ये जे आक्षेप घेतले, की ती कितीही समर्थ दिसली तरी पुरुषाच्या हातून फिरवली, उलगडली जाते, ते टूटू गेल्यामुळे संपत नाहीत. वस्त्र काढले म्हणून नजर बदलत नाही.

नजर डळमळीत झाली ती अन्यत्र, आणि अनेकदा टूटू न काढता. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या 'ले बॅले त्रोकादेरो' या पुरुषांच्या संचाने केसाळ छातीवर टूटू चढवला. प्रेक्षक हसतात ते पहिली पाच मिनिटे. पुढे गिरक्या नेमक्या पडू लागल्यावर हसू ओसरते, आणि हे चिन्ह स्त्रीदेहाच्या मालकीचे कधी नव्हतेच की काय, अशी शंका येऊ लागते. हार्लेमच्या 'डान्स थिएटर'ने १९७० च्या दशकात कृष्णवर्णी नर्तकींच्या पायांवरील गुलाबी मोजे काढून प्रत्येकीच्या कातडीच्या रंगाचे मोजे आणि बूट वापरावयास सुरुवात केली, तेव्हा एक साधी गोष्ट लख्ख झाली : झग्याच्या कडेपासून पावलापर्यंतची जी रेषा 'अंगाच्या रंगाची' म्हणून अखंड मानली जात होती, ती एकाच वंशाच्या अंगाची होती. ताग्लिओनीपासून आलेली शुभ्रता ही चांदण्याची आहे, असे आपण सारे समजत होतो. विल्यम फोर्साइथच्या १९९६ मधील एका रचनेत हिरव्या रंगाच्या, तबकडीइतक्या सपाट टूटूंचा वापर झाला. त्यात परंपरेची थट्टा किती आणि तिचा अभिमान किती हे ठरवता येत नाही, आणि ठरवू नये.

अलीकडच्या काळात मूळ रूपाकडे परतण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारीन्स्की नाट्यगृहात सेर्गेई विखारेव्हने जुन्या नृत्यलिपीच्या आणि १८९० च्या पोशाखचित्रांच्या आधारे 'स्लीपिंग ब्यूटी' पुन्हा उभे केले. २०१५ मध्ये रात्मान्स्कीने अमेरिकन बॅले थिएटरसाठी तसाच यत्न केला. रात्मान्स्कीच्या प्रयोगात झगे लांबले, आणि त्याबरोबर पायही खाली आले. एरवी कानाजवळ जाणारा पाय त्याने कमरेच्या पातळीला थांबवला. विखारेव्हच्या प्रयोगावर खुद्द त्या नाट्यगृहातच नाराजी होती. ज्यांना आपण परंपरेचे रक्षक म्हणतो त्यांना पेतिपाच्या काळचा पोशाख पाहून तो अशास्त्रीय वाटला.

देगाच्या मेणाच्या मुलीचा मूळ पुतळा आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. १९१७ मध्ये देगा वारल्यानंतर त्यावरून ब्राँझच्या प्रती ओतल्या गेल्या आणि त्या निरनिराळ्या संग्रहालयांत पोचल्या. मेणाचे अंग ब्राँझचे झाले, काचोळी ब्राँझची झाली, बूटही. झगा मात्र कापडाचाच ठेवावा लागला. कापड टिकत नाही. ते पिवळे पडते, विरते, आणि काही वर्षांनी बदलावे लागते. प्रत्येक ठिकाणच्या जतनकर्त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे ते बदलले आहे. त्यामुळे एकाच मुलीचा झगा एका शहरात मांडीवर संपतो आणि दुसऱ्या शहरात गुडघ्याशी.